मृताला दिलेलें वचन

ग्रामोफोनच्या तबकडीवरून नीतिशास्त्राचा प्रश्न उद्भवावा, हें कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटेल. पण प्रश्न कोठून यावा हें ठरविणें माणसाच्या हातीं नसतें. गेले कांहीं महिने जो प्रश्न मला अस्वस्थ करीत आहे, तो ‘पाकीझा’ या हिंदी चित्रपटाच्या गाण्यांची जुनी तबकडी एका सायंकाळीं ऐकत असतां प्रथम स्पष्टपणें माझ्यापुढें उभा राहिला. आणि त्या तबकडीमागचा इतिहास मला ठाऊक नसता, तर तो इतक्या स्पष्टपणें उभा राहिला नसता. मृत माणसाचें आपण कांहीं देणें लागतों काय? आणि लागत असलों, तर तें देणें जिवंत माणसाच्या देण्याहून हलकें कीं भारी?

इतिहास थोडक्यांत सांगतों. लखनौच्या एका गणिकेची ही प्रेमकथा. कमाल अमरोही यांनीं चित्रपटाचा मुहूर्त १९५६ सालीं केला, आणि तो पडद्यावर आला ४ फेब्रुवारी १९७२ रोजीं, मुंबईच्या ‘मराठा मंदिर’ चित्रगृहांत. मधलीं पंधरासोळा वर्षें म्हणजे अडचणींची एक मालिकाच होय. प्रथम कृष्णधवल चित्रण झालें. तें टाकून रंगीत झालें. पुढें सिनेमास्कोपचा रुंद पडदा आला, म्हणून पुन्हा नवें. नायिका मीनाकुमारी ही दिग्दर्शकाची पत्नी. १९६४ सालीं दोघें विभक्त झालीं आणि काम बंद पडलें. सुनील दत्त व नर्गिस यांनीं आग्रह धरला, तेव्हां १९६९ सालीं तें पुन्हा सुरू झालें. तोंवर बॉम्बे टॉकीजच्या दिवसांपासून या धंद्यांत असलेले जर्मन छायालेखक जोसेफ विर्शिंग वारले होते, आणि १९६८ च्या मार्चमध्यें संगीत-दिग्दर्शक गुलाम मोहम्मद यांनींही हें जग सोडलें होतें. गाणीं मात्र त्यांनीं बांधून ठेवलीं होतीं.

गुलाम मोहम्मद हे बिकानेरकडचे. तालवाद्यांत मुरलेला माणूस. नौशाद यांच्याकडे त्यांनीं कित्येक वर्षें सहायक म्हणून काम केलें. स्वतंत्रपणें ‘परदेस’, ‘अंबर’, ‘मिर्झा गालिब’, ‘शमा’ इत्यादि चित्रपटांना संगीत दिलें. ढोलक, डफ, मडकें हीं वाद्यें त्यांच्या हातीं नुसता ठेका धरीत नसत, बोलत असत. एवढें असूनही पहिल्या पंक्तींत त्यांचें नांव लोकांनीं क्वचितच घेतलें. दुसऱ्याच्या यशाला हातभार लावण्यांत ज्यांच्या आयुष्याचा मोठा भाग जातो, त्यांचें बहुधा असेंच होतें.

चित्रण पुन्हा सुरू झालें तेव्हां हिंदी चित्रपटसंगीताचें वारें पार बदललें होतें. १९६९ सालच्या ‘आराधना’नें आणि १९७१ सालच्या ‘कारवां’नें लोकांच्या कानांना नवी चटक लावली होती. अशा वेळीं सारंगी, तबला आणि घुंगरूं यांच्या आधारानें उभीं राहिलेलीं मुजऱ्याचीं गाणीं कोण ऐकणार? वितरकांनीं अमरोहींना सल्ला दिला कीं, हीं जुन्या वळणाचीं गाणीं काढावीं आणि कालमानास शोभेल असें दुसरें संगीत घ्यावें. व्यापाराच्या दृष्टीनें पाहिलें तर सल्ला मुळींच गैर नव्हता. अमरोहींनीं तो मानला नाहीं. गुलाम मोहम्मद हयात असतां जीं गाणीं आपण पसंत केलीं, तीं त्यांच्या मागें बदलावयाचीं नाहींत, अशी त्यांनीं भूमिका घेतली; आणि म्हणूनच आज ती तबकडी आहे तशी आपल्या हातीं आहे.

ही हकीकत सांगणारे बहुतेक लोक ती भावनेची गोष्ट म्हणून सांगतात. स्नेही गेला, त्याच्या आठवणीनें मन हळवें झालें, म्हणून अमरोहींनीं व्यवहार बाजूला ठेवला, असा तिचा अर्थ लावला जातो. मला हा अर्थ अपुरा वाटतो. भावना असेल, नाहीं असें नाहीं. परंतु त्या भूमिकेच्या पोटांत एक युक्तिवाद आहे, आणि तो भावनेहून कठोर आहे.

वचनाचा स्वभावच पाहा. मीं एखाद्यास शब्द दिला आणि पुढें परिस्थिति पालटली, तर मला मोकळें होण्याचा एक सरळ मार्ग असतो. मी त्याच्याकडे जावें, अडचण सांगावी, आणि त्यानें म्हणावें, ‘जाऊं द्या, तुम्ही मोकळे आहां.’ वचनांतून सोडविण्याचा अधिकार ज्याला वचन दिलें त्याचा. ज्यानें दिलें त्याचा नव्हे. गुलाम मोहम्मद १९६९ सालीं जिवंत असते, तर अमरोही त्यांच्या घरीं गेले असते, वितरकांचें म्हणणें त्यांच्या कानीं घातलें असतें. कदाचित् ते रागावले असते. कदाचित् म्हणाले असते कीं, बरें तर, दोन गाणीं मीच नव्या ढंगानें बांधून देतों. दार उघडें होतें. मृत्यूनें तें दार लावून घेतलें. ज्याच्यापाशीं सुटकेची किल्ली होती, तोच किल्लीसकट निघून गेला. ‘माणूस गेला, आतां वचन संपलें’ असें आपण म्हणतों. वस्तुतः संपली ती वचनांतून सुटण्याची शक्यता. मृताचें देणें हलकें तर नाहींच, एका अर्थीं तें अधिक भारी होय, असें मला वाटतें तें याच कारणानें.

आमच्या रामायणांत हाच प्रसंग आहे. दशरथ वारले आहेत. चित्रकूटावर भरत रामाला परत नेण्यास आला आहे. ज्याच्यासाठीं वर मागितला गेला, तो भरत स्वतःच राज्य नको म्हणतो आहे. मग वचन कोणासाठीं पाळावयाचें? तेथें जाबालि नांवाचा ब्राह्मण पुढें होतो आणि ज्याला आपण आज नास्तिकाचा युक्तिवाद म्हणूं, तो स्वच्छ शब्दांत मांडतो : गेलेला गेला, मेलेल्याच्या नांवानें अन्न वाढणें म्हणजे अन्नाची नासाडी, बाप कोणाचा आणि मुलगा कोणाचा! वाल्मीकीनें हा युक्तिवाद दडपला नाहीं, हें मला त्याचें मोठेपण वाटतें. राम त्यावर संतापतो. त्या संतापांतला थोडा भाग, जाबालीचें म्हणणें सहज खोडतां येण्यासारखें नाहीं याचा असावा, असा माझा एक आगाऊ तर्क आहे.

कारण तें सहज खोडतां येत नाहींच. वर्गांत ग्रीक तत्त्वज्ञांसंबंधीं बोलत असतां एका विद्यार्थ्यानें मला नेमका हाच प्रश्न विचारला. ‘सर, ज्याला कळणारच नाहीं, त्याच्यावर अन्याय कसा होईल?’ एपिक्यूरसचें मत त्यानें आपल्या भाषेंत मांडलें होतें. आपण आहों तोंवर मरण नाहीं, मरण आलें कीं आपण नाहीं; मग दुखापत कोणाला? गाणीं काढून टाकलीं असतीं, तर गुलाम मोहम्मद यांना काय कळणार होतें?

मी त्याला उलट विचारलें कीं, तुझा जिवलग मित्र तुझ्या पाठीमागें वर्षानुवर्षें तुझी टवाळी करीत असेल आणि तें तुला मरेपर्यंत कळलें नाहीं, तर तुझें कांहींच बिघडलें नाहीं असें तूं म्हणशील का? तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘बिघडलें.’ म्हणजे कळणें आणि दुखावणें हीं दोन्ही एक नव्हेत. माणसाचें हित त्याच्या कातडीच्या आंत संपत नाहीं. त्याचें काम, त्याचा शब्द, त्याचें नांव हीं त्याच्या बाहेर पडून जगांत वावरत असतात, आणि तेथें त्यांना इजा होऊं शकते. अॅरिस्टॉटलनें सोलोनच्या प्रसिद्ध वचनाचा ऊहापोह करतांना शेवटीं एवढेंच कबूल केलें आहे कीं, मागें राहिलेल्यांच्या बऱ्यावाइटाचा कांहीं स्पर्श मृतांना होत असावा, पण तो क्षीण असतो. ‘क्षीण’ म्हणून त्यानें सुटका करून घेतली. मला त्याचा हा चुकारपणाही प्रामाणिक वाटतो.

महाभारताच्या वनपर्वांत याचें दुसरें एक उत्तर आहे, आणि तें मला अॅरिस्टॉटलपेक्षां अधिक आवडतें. इंद्रद्युम्न राजा पृथ्वीवरची कीर्ति पुसली गेली म्हणून स्वर्गांतून खालीं पडतो. मार्कंडेयाला विचारतो, मला ओळखतां का? तो म्हणतो, नाहीं. मग घुबड, मग बगळा. दोघेही दीर्घायु, पण कोणालाच आठवत नाहीं. शेवटीं एका सरोवरांतील अकूपार नांवाचें कासव बाहेर येतें आणि राजाला पाहून त्याचे डोळे भरून येतात. त्या राजानें दान दिलेल्या गाईंच्या खुरांनीं भूमि तुडवली गेली, आणि तेथेंच हें सरोवर झालें. कासव त्यांतच राहतें. तेवढ्या एका साक्षीवर राजाला स्वर्गाचें विमान परत येतें. स्वर्ग आहे कीं नाहीं, हा वाद येथें करण्याचें कारण नाहीं. मला त्या गोष्टींत आवडतें तें हें कीं, कासवाला राजाचे गुण पाठ नव्हते. तें त्याच्या केलेल्या कर्मांत राहत होतें. तबकडी लावून ऐकणारा मनुष्य त्या कासवाहून वेगळें काय करतो?

आतां मला माझी स्वतःची गोष्ट सांगणें भाग आहे, नाहींतर एवढा खटाटोप कशासाठीं तें वाचकांस कळणार नाहीं. माझे एक वडीलधारे सहकारी संस्कृत शिकवीत असत. जात्यावरच्या ओव्यांच्या छंदावर त्यांनीं पंचवीस वर्षें खपून एक ग्रंथ लिहिला. त्यांच्या अखेरच्या दुखण्यांत त्यांनीं तें हस्तलिखित माझ्या स्वाधीन केलें आणि मीं शब्द दिला कीं, एक ओळही न गाळतां छापून घेईन. ते गेले त्याला दोन वर्षें झालीं. प्रकाशक मिळाले आहेत. गृहस्थ सज्जन आहेत. त्यांचें म्हणणें एवढेंच कीं, मात्रांच्या कोष्टकांचीं मधलीं तीन प्रकरणें आजचा वाचक वाचणार नाहीं. तीं काढलीं तर पुस्तक सुटसुटीत होईल, खपेलही. मला कबूल केलें पाहिजे कीं त्यांचें म्हणणें मला पटलें होतें. इतकेंच नव्हे, तर पहिल्या प्रकरणांतलीं दोन कोष्टकें मीं लाल शाईनें खोडूनही टाकलीं होतीं. त्या सायंकाळीं तबकडी ऐकतांना जें कांहीं टोचलें, तें हें. वितरकांचा सल्ला शहाणपणाचा होता. माझ्या प्रकाशकांचाही आहे. शहाणपणाच्या सल्ल्याविरुद्ध ‘मीं शब्द दिला आहे’ एवढेंच म्हणणें किती अवघड असतें, याची कल्पना जुन्या हकीकती वाचून येत नाहीं.

परंतु अमरोहींना साधु ठरविण्याचा माझा उद्देश नाहीं, आणि या बाबतींत आपण सावध असावें. चित्रपट रेंगाळला तो मुख्यतः त्यांच्याच हट्टांमुळें आणि त्यांच्याच संसारामुळें. तो पांच वर्षांत पुरा झाला असता, तर गुलाम मोहम्मद यांना आपलीं गाणीं गल्लोगल्लीं वाजतांना स्वतःच्या कानांनीं ऐकतां आलीं असतीं. जिवंत माणसाचें जें देणें होतें तें थकवून मृताचें देणें निष्ठेनें फेडणें, यांत अर्धाच हिशेब पुरा होतो. मृतांशीं एकनिष्ठ राहणें कधीं कधीं जिवंतांशीं नीट वागण्यापेक्षां सोपें जातें. ते तगादा लावीत नाहींत. मीही माझ्या सहकाऱ्यांच्या हयातींत त्यांचें हस्तलिखित एकदां सलग वाचीन वाचीन म्हणत सात वर्षें घालविलीं.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. वचन नेमकें कशाचें? गुलाम मोहम्मद यांनीं या चित्रपटासाठीं बांधलेलीं सारींच गाणीं कांहीं पडद्यावर आलीं नाहींत. आलीं तीं सहा. मजरूह सुलतानपुरी, कैफी आझमी, कैफ भोपाली आणि स्वतः अमरोही अशा चौघांनीं लिहिलेलीं, आणि सर्वांत लता मंगेशकर यांचा स्वर, एकांत मोहम्मद रफी यांची साथ. उरलेल्यांपैकीं कांहींची वेगळी तबकडी पुढें १९७७ सालीं निघाली. शिवाय पार्श्वसंगीत पुरें केलें तें नौशाद यांनीं. राजकुमारी, परवीन सुलताना, वाणी जयराम यांच्या कंठांतल्या ठुमऱ्यांचे तुकडे त्यांनीं त्यांत गुंफले. ही ढवळाढवळ नव्हे काय? ओढणी हिरावल्याची तक्रार सांगणाऱ्या त्या मुजऱ्याचा मुखडा तर १९४१ सालच्या ‘हिंमत’ चित्रपटांत शमशाद बेगम यांनीं आधींच गाइलेला. म्हणजे ज्याचें ऋण आपण फेडूं म्हणतों, तो स्वतः आणखी कोणाचा तरी ऋणी असतो, आणि ती साखळी अखेर एखाद्या निनांवी गायिकेच्या कोठ्यापर्यंत जाऊन अंधारांत नाहींशी होते.

हें सारें मान्य करूनही मला एक रेषा दिसते. जुळवाजुळव आणि निवड करणें हा कामाचाच भाग आहे, आणि त्यांतलें पुष्कळसें मूळ कर्त्याच्या सहवासांत झालेलें असतें. नौशाद यांनीं जेथें जागा रिकामी होती तेथें भर घातली. भरलेली जागा रिकामी करून तेथें आपलें कांहीं बसविलें नाहीं. व्हर्जिलच्या मागें त्याच्या महाकाव्याचे संपादक व्हेरिअस व टुक्का यांनीं याहूनही काटेकोर वर्तन केलें. कवि कांहीं ओळी अर्ध्या टाकून गेला होता. त्या त्यांनीं अर्ध्याच राहूं दिल्या, आणि दोन हजार वर्षें त्या तशाच आहेत. अर्थात् व्हर्जिलची खरी इच्छा काव्य जाळून टाकावें अशी होती, आणि ती सम्राट ऑगस्टसनें मोडली. त्याबद्दल ऑगस्टसला दोष देण्याचें धैर्य मला होत नाहीं. माझ्या सिद्धान्ताला हें मोठें भगदाड आहे; तें मी येथें बुजवीत नाहीं.

अमरोही बरोबर होते याचा पुरावा म्हणून लोक चित्रपटाचें यश दाखवितात. गाणीं अखेर गाजलींच ना! हा पुरावा मला मान्य नाहीं. चित्रपटाला प्रारंभीं मिळालेला प्रतिसाद बेताचाच होता. ३१ मार्च १९७२ रोजीं, म्हणजे प्रदर्शनानंतर दोन महिन्यांच्या आंत, मीनाकुमारी वारल्या, आणि मग चित्रगृहांपुढें गर्दी लोटली. त्या यशांत एका मृत्यूचा वांटा आहे. आणि समजा, तो चित्रपट पडला असता, तबकड्या दुकानांत धूळ खात पडल्या असत्या, तर अमरोहींचा नकार चुकीचा ठरला असता काय? वचन पाळल्याचा नफा झाला म्हणून वचन पाळणें योग्य, असें म्हणणारा मनुष्य वितरकांच्याच पक्षाचा. त्याचा हिशेब जरा लांब मुदतीचा, एवढाच फरक.

पारितोषिकाचा प्रसंग याच संदर्भांत आठवतो. १९७२ च्या चित्रपटांसाठीं फिल्मफेअरचें संगीताचें पारितोषिक ‘बेईमान’ या चित्रपटाकरितां शंकर-जयकिशन यांना मिळालें. त्याच चित्रपटांतील भूमिकेबद्दल प्राण यांना सहायक अभिनेत्याचें पारितोषिक जाहीर झालें होतें. तें त्यांनीं, संगीताचा मान गुलाम मोहम्मद यांचा होता असें सांगून, नाकारलें. ही गोष्ट सर्वश्रुत आहे. फारसें बोललें जात नाहीं तें असें कीं, त्या जोडींतले जयकिशन हेही १९७१ च्या सप्टेंबरांत वारले होते. एका मृताचा मान दुसऱ्या मृताकडे गेला, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता! जाबालि येथें मनमुराद हंसला असता. पण प्राण यांच्या कृतींत मला जें महत्त्वाचें वाटतें, तें पारितोषिकाच्या न्यायान्यायावर अवलंबून नाहीं. मृताची बाजू घेऊन दुसऱ्यावर टीका करणें फुकटचें असतें. त्यांनीं आपल्या पदरचें कांहीं सोडलें. अमरोहींनींही नव्या संगीताची हमखास बाजारपेठ सोडली. मृताला आपलें देणें पोंचतें कीं नाहीं हें कळण्यास मार्ग नाहीं. तें आपल्या खिशांतून निघालें कीं नाहीं, एवढें मात्र तपासतां येतें.

त्या तबकडीवरच्या एका गाण्याच्या अखेरीस आगगाडीची शीळ ऐकूं येते. कथेंत त्या शिळेला फार अर्थ आहे : आगगाडींत भेटलेला, चेहराही नीट न पाहिलेला कोणी प्रवासी, आणि त्यानें ठेवलेली एक चिठ्ठी. नायिकेला तो पुन्हा भेटेल याची खात्री नाहीं. तरी ती त्या चिठ्ठीला बांधलेली आहे. शीळ वाजली कीं मी सुई उचलून तबकडी पालटतों. गेल्या महिन्यांत तसें करतां करतां उठलों आणि प्रकाशकांना पत्र लिहिलें : तिन्ही प्रकरणें राहतील, वाढलेल्या पानांचा खर्च मी देईन, आणि हें त्यांना मान्य नसेल तर हस्तलिखित परत पाठवावें. त्यांचें उत्तर आलें. नाखुषीनें कां होईना, त्यांनीं मान्य केलें आहे.

लाल शाईनें खोडलेलीं दोन कोष्टकें मीं पुन्हा स्वच्छ लिहून काढलीं. तें करीत असतां तिसऱ्या प्रकरणांत एका ओवीपाशीं थबकलों. तिच्या शेवटच्या शब्दाजवळ समासांत त्यांनीं शिसपेन्सिलीनें एक लहानसें प्रश्नचिन्ह काढून ठेवलें आहे. तो पाठ चुकलेला आहे असें मला जवळजवळ निश्चित वाटतें, आणि त्यांनाही तीच शंका आलेली असावी. शब्द तसाच छापून खालीं टीप द्यावी, कीं त्यांचें प्रश्नचिन्हच तेवढें छापावें, हें अद्याप माझें ठरलेलें नाहीं.